गच्चीवरचा बर्फ

सुभाष,

दवाखान्यातून तुझ्या वस्तूंची पिशवी मिळाली ती मीच सही करून ताब्यात घेतली. घड्याळ तुझं होतं. पाकीट तुझं होतं. रुमालही तुझाच, कोपऱ्यात तुझ्या शोभाने घातलेल्या लाल टाक्यासकट. चष्मा मात्र तुझा नव्हता.

चौकट तीच होती, तपकिरी, उजव्या काडीच्या टोकाला तुझ्या दातांच्या खुणा असलेली. पण मी चष्मा उचलला आणि सवयीने खालच्या फरशीवर धरला. हे तूच मला शिकवलं होतंस. ज्याला लांबचं दिसत नाही त्याची काच फरशीवर धरली की फरशी लहान दिसते, तिच्या रेघा आत ओढल्यासारख्या होतात. डाव्या काचेतून फरशी लहान दिसली. उजव्या काचेतून होती तेवढीच दिसली. म्हणजे उजवी काच साधी. शाळेपासून दोन्ही डोळ्यांना जाड भिंगं लावणाऱ्या माझ्या भावाच्या चष्म्यात एका बाजूला साधी काच येईलच कशी? मी तिथल्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "हाच होता हो मावशी, आम्ही दुसरा कशाला देऊ?" कशाला देऊ म्हणणाऱ्या माणसावर मी आयुष्यात कधी विश्वास ठेवलेला नाही. बाहेर तुला न्यायची गाडी येऊन उभी होती, शोभा बाकावर भिंतीला टेकून बसली होती, आणि मी आत भांडत होते की माझ्या भावाचा चष्मा बदललाय. शेवटी माझ्या केतकीने दंडाला धरून मला बाहेर आणलं.

तू असतास तर म्हणाला असतास, "अक्का, मी हितं मरून पडलोय आन् तू चष्म्याचा नंबर तपासतीस व्हय?" तोवर मला रडू आलं नव्हतं. तू न म्हटलेल्या या वाक्यावर आलं, आणि मग थांबेना.

माझा स्वभाव तुला नव्याने सांगायला नको. वजनमापे खात्यात जन्म गेला. तागडीखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, बूड ठोकून आत घेतलेलं तेलाचं माप, हेच रोज बघितलं. दुकानदार चहा मागवायला लागला की मी आधी त्याची वजनं उलटी करून बघायची. निवृत्त होऊन मोहोळला घरी बसले तरी दूधवाल्यापासून जावेपर्यंत कुणी माझ्या तावडीतून सुटलं नाही. आणि तू माझा सख्खा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानाचा मालक, तू तर मुळीच नाही. तुझ्याकडे दुपारी आले की मी काउंटरच्या आत बसायची आणि तू गिऱ्हाइकाला काय सांगतोस ते ऐकायची. तू हसून म्हणायचास, "आमच्या अक्काला डोळे न्हाईत, नुसती भिंगं हायती."

पण तुझं एक खोटं मला कधी पकडता आलं नाही, कारण ते खोटं होतं की खरं हेच कळत नव्हतं. ते म्हणजे तुझं बर्फाचं ज्ञान.

केतकी कॉलेजात असताना एनसीसीतून हिमालयात स्कीइंग शिकायला गेली. आम्हाला वाटलं, प्रमाणपत्र घेऊन येईल आणि कुठेतरी नोकरीला लागेल. तिने त्या घसरण्याचीच नोकरी धरली. हिवाळा लागला की ती तिकडे पोरांना शिकवायला जाते. मोहोळात मी कुणाला नीट सांगूही शकत नाही की मुलगी काय करते. तू मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या पाठीशी. तिचा गॉगल हातात घेतलास, पुढची मोठी काच चौकटीतून काढता-घालता येते हे पाहिलंस, आणि त्या दिवसापासून तुला वेड लागलं. मुंबईच्या घाऊकवाल्याकडून काचा मागवायच्या, कानशीने घासून तिच्या चौकटीत बसवायच्या, गडद, तपकिरी, पिवळ्या, गुलाबी, जवळजवळ बिनरंगी. अरे, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडची गोणपाटात गुंडाळलेली लादी!

"अक्का, ऊन आसलं की गडद," तू सांगायचास. "एवढं तर सोलापुरात शेंबड्या पोराला कळतं. लोकं चुकतात ढगात. ढग आला की वर पांढरं, खाली पांढरं. सावली मरती. सावली गेली की खड्डा कुटं आन् उंचवटा कुटं, काय समजत न्हाय. तवा गडद लावली की पडलाच. तवा फिकट पिवळी, न्हाय तर गुलाबी. त्यानं सावलीची कड उठून दिसती."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जवळजवळ साधीच. उजेडच कमी, त्यात आपन आनि अडवायचा कशाला?"

"हे तुला कुणी सांगितलं? घाऊकवाल्याने?" मी विचारलं. सोलापूरच्या उन्हात पिवळा आणि गुलाबी गॉगल कोण घेणार? इथे प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, आणखी काळा दाखवा. मला वाटलं, कुणीतरी न खपणारा माल तुझ्या गळ्यात मारला आणि तू तो माझ्या पोरीच्या डोळ्यांवर चढवतोस. मी तसं तोंडावर बोललेही. तू रागावला नाहीस. "उद्या सकाळी लवकर गच्चीवर ये, बर्फ दाखवतो," म्हणालास.

शेजारच्या टॉवेलवाल्याकडून तू धुऊन पांढराशुभ्र केलेला टॉवेलचा लांबच लांब कपडा आणला होतास, अजून न कापलेला. त्याच्याखाली तू लाटणं, वाट्या, पोळपाट आणि आपल्या आबांच्या किराणा दुकानातली जुनी लोखंडी वजनं कुठेकुठे ठेवलीस आणि वरून तो कपडा सगळीकडे सैल अंथरलास. सूर्य उगवायचा होता. उजेड होता पण सावली कुठेच नव्हती. तू मला जिन्याच्या तोंडाशी उभं केलंस आणि म्हणालास, "सांग, वजन कुटं हाय?" मला नुसतं पांढरं दिसत होतं. मग तू पिवळी काच माझ्या डोळ्यांपुढे धरलीस. आणि सुभाष, खरंच, लाटण्याची कड दिसली. वाटी दिसली. आबांचं किलोचं वजन कोपऱ्यात टेंगळासारखं वर आलेलं दिसलं. गडद काच धरलीस तर सगळं परत सपाट.

तेव्हापासून ती आपल्या घरातली रीतच झाली. केतकी निघायच्या आधी गच्चीवर बर्फ अंथरायचा. शोभा ओरडायची की स्वयंपाकाला लाटणं नाही. केतकी काचा बदलून बदलून वाट्या शोधायची आणि तू अंपायरसारखा हात वर करून निकाल द्यायचास. मीही हसायची, तरी काच हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितल्याशिवाय राहायची नाही. काचेवर कुठला छाप नाही, आकडा नाही, हे मला खटकायचं. काचेतून किती उजेड जातो ते मोजायचं तुझं छोटं यंत्र बंद पडलं होतं. दुरुस्त कर म्हटलं की तू म्हणायचास, "माजे डोळे हायत की."

तिथेच माझा सगळा संशय येऊन थांबला.

दोन वर्षं मी तुला सांगत होते की तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तू निळा दोरा मागितलास आणि शोभाने दिला तो काळा म्हणून परत केलास. भर दुपारी दुकानात दिवे लावायला लागलास. मी म्हटलं, ऑपरेशन करून टाक. तू म्हणालास, "मोतीबिंदू तू मला सांगनार? दुकान कुनाचं हाय?" पुढच्या खेपेला म्हणालास, "पिकू दे की जरा." डोळ्यांचा धंदा करणारा माणूस स्वतःच्या डोळ्याला घाबरतो, हे मी बरोबर ओळखलं होतं. मी ते गिऱ्हाइकासमोर बोलले. तू मला चहासुद्धा विचारला नाहीस त्या दिवशी.

आणि त्याच हिवाळ्यात तू केतकीला नवी पिवळी काच दिलीस. आधीचीवर ओरखडे आले होते. नेहमीप्रमाणे मी ती खिडकीशी धरून नीट पाहिली होती. मला तिच्यात काही खोट दिसली नव्हती.

केतकी पडली तो दिवस ढगाळ होता. गुडघा फिरला. फोनवर ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. बोलता बोलता ती म्हणाली, "आई, इथले सर म्हणतात ही काच ढगातली नाहीच. मामाने फिकट पिवळी म्हणून दिली, पण ही मधासारखी आहे. कमी उन्हात चालेल, ढगात नाही."

मी त्याच दिवशी एसटीने सोलापूर गाठलं. तुझ्या दुकानात उभी राहून म्हणाले, "तुला मधाचा रंग फिकट पिवळा दिसतो. तुझ्या डोळ्यातच पिवळं साचलंय. आता तरी कबूल कर." तू काउंटर पुसत होतास. फडकं तसंच हातात धरून उभा राहिलास. "किती लागलंय पोरीला?" एवढंच विचारलंस. काचेबद्दल एक अक्षर नाही. मला तेव्हा वाटलं, हा विषय टाळतोय. टाळणारा माणूस म्हणजे चूक झाकणारा माणूस, हे माझं नोकरीतलं गणित.

त्यानंतरचं तुझं वागणं तर मला आणखीच संशयास्पद वाटायला लागलं. उन्हाळ्यात तू शोभाच्या माहेरी करमाळ्याला गेलास. लग्न आहे म्हणालास. कुणाचं, ते सांगेनास. आठवडा झाला, फोन नाही. मग एकदा उचललास आणि म्हणालास, "डोळे आल्यात अक्का, लई लाल झाल्यात. तू येऊ नगंस, तुला लागतील." डोळ्यांची साथ कुठेच ऐकू येत नव्हती. मी मोहोळच्या दवाखान्यात मुद्दाम विचारून आले. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा राग धरून बसलास आणि माझं तोंड बघायचं नाही म्हणून डोळ्यांचं निमित्त काढलंस.

पावसाळ्यात भेटलास तेव्हा मी समोर आले की तू चष्मा काढायचास आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसायचास. एवढा चष्मा आयुष्यात पुसला नव्हतास. बोलणं संपेपर्यंत पुसणं चालायचं. मी मनात म्हटलं, नजर चुकवतोय. एकदा माझ्या साडीकडे बघून म्हणालास, "ही निळी हाय व्हय? मला वाटलं राखाडी." ती साडी मी पाच-सहा वर्षं नेसत होते.

भाऊबीजेला ओवाळायला बसवलं तर तू चष्मा खिशात टाकून बसलास आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिलास. मग म्हणालास, "अक्का, तुजे केस इतके पांढरे कधी झाले गं?" मला राग आला. म्हटलं, याला काहीतरी हवंय, उगाच मऊ बोलतोय. "आत्ता दिसले होय तुला?" मी म्हटलं. तू नुसतं "व्हय" म्हणालास.

मग जाताना तू केतकीसाठी नवी काच दिलीस, मऊ कापडात गुंडाळलेली. गुलाबी.

"पिवळी का नाही?"

"ढगाला ही चांगली. पिवळी नगं आता."

"इतकी वर्षं पिवळी चांगली होती, आता गुलाबी चांगली झाली. का?"

"बघितलं म्हनून."

"कशाने बघितलंस?"

तू हसलास. "डोळ्यानं की. आनि कशानं बघत्यात?" मी म्हटलं, घरी जाऊन फोनवर धरते तुला. मग फोनवर दुसरंच काही बोलणं निघालं, आणि हा वाद राहिला. आता तू मध्येच उठून गेलास. असा वाद अर्धा टाकून जायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही.

तुझं तेरावं उरकलं की केतकी निघणार आहे. गुडघा बरा झालाय असं ती म्हणते, डॉक्टरही म्हणतात, मी फक्त तिला जिना उतरताना बघते. या वर्षी तिच्या हाताखाली शिकणारी पोरं आहेत. ती पडली तर मागून येणारी पोरं पडतील. मी तिला सांगितलं, मामाची काच नेऊ नकोस, मोठ्या दुकानातून छापील आकड्याची काच विकत घे, मी घेऊन देते. ती म्हणाली, "आई, मी मामाचीच लावणार." माझ्याच मुलीचा हट्ट. मी म्हटलं, एकदा तुझा गुडघा जाऊन झालाय. ती गॉगल उचलून आत निघून गेली. पण मला झोप लागत नव्हती, सुभाष. तुझी शेवटची भेट म्हणून ती काच तिने डोळ्यांवर लावायची, आणि ती जर त्याच पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी निवडलेली असेल तर? मेलेल्या माणसाला मी जाब कसा विचारणार? तुझ्या फोटोपुढे उभी राहिले. त्यातही मन लागेना, कारण स्टुडिओवाल्याने तुझा पांढरा शर्ट पिवळट छापून ठेवलाय. मी त्याला फोन करून झापलं. तो म्हणाला, शर्ट पांढराच आहे मॅडम. मी म्हटलं, मला शिकवू नका.

काल सकाळी मी गच्चीवर बर्फ अंथरला.

सुतकाच्या घरात हे बरं दिसत नाही, मला कळत होतं. शेजारच्यांकडून कपडा मागून आणला तेव्हा त्यांनी कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही, तुझ्या नावाने देऊन टाकला. मी लाटणं घेतलं, वाट्या घेतल्या, आबांची वजनं माळ्यावरून काढली. मांडायचं काम नेहमी तुझं असायचं. मला कपडा सैल सोडायला जमेना, वजनाच्या जागी आपोआप चुणी पडायची आणि चोरी पकडली जायची. पुन्हा पुन्हा झटकला. शेवटी जमला. पूर्वेला नुसतं उजाडलं होतं. केतकी कानटोपी घालून गॉगल लावून आली, तुझी गुलाबी काच बसवून. मी तिला जिन्याच्या तोंडाशी उभं केलं, तुझ्यासारखंच.

"डावीकडे लाटणं," ती म्हणाली. "त्याच्यापुढे वाटी, उपडी. पोळपाट मध्ये. किलोचं वजन टाकीजवळ. आणि आई, तू इकडे कपड्याला घडी घातलीयेस, तीसुद्धा दिसतीये."

सगळं बरोबर. मी काच काढून घेतली आणि स्वतः बघितलं. मलाही दिसलं, जरा अंधुक, पण दिसलं. मग माझ्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. मी म्हटलं, मामाला हे नेमकं कसं जमलं? त्याचे डोळे तर... कुणी दुसऱ्याने निवडून दिली असेल काच.

शोभा वर आली होती. जिन्यात उभी राहून बघत होती. मला वाटलं, लाटण्यावरून बोलेल. ती म्हणाली, "कुनी न्हाय दिली अक्का. त्यांनीच बघून घेतली. हितंच. माजीच चादर अंथरून."

"कुठल्या डोळ्यांनी?"

"उजव्या," शोभा म्हणाली.

मी हातातली काच खाली ठेवली.

"केलं की त्यांनी एका डोळ्याचं आपरेशन. उन्हाळ्यात. म्हनून तर करमाळ्याला ऱ्हायलो हुतो, आईकडं. नंबरच गेला त्या डोळ्याचा, मग सोताच साधी काच बसवली त्या बाजूला. तुमाला सांगू नका म्हनले." ती पायरीवर बसली. "म्हनायचे, अक्काला कळलं तर ती म्हनंल, मी सांगत नव्हते का. आन् ती खरंच बोलंल. मला आयकवनार न्हाय."

चष्मा तुझाच होता, सुभाष. लग्न नव्हतं, साथ नव्हती, राग नव्हता. माझ्यासमोर काढून पुसत बसायचास तो यासाठी, की ही बाई उचलून फरशीवर धरेल.

"पट्टी सुटल्यावर दिवसभर हेच चाललं हुतं," शोभा सांगत होती. "एक डोळा झाकायचे, मग दुसरा झाकायचे. दुकानातल्या समद्या काचा काढून बसले. केतकीला दिलेल्या पिवळ्याची जोडीदार काच दुकानात हुती, ती ह्या डोळ्यानं बघितली, त्या डोळ्यानं बघितली. मग जेवले न्हाईत."

केतकी कपड्याच्या कडेला उकिडवी बसली होती. "मामाने मला फोन केला होता," ती म्हणाली. "विचारलं, पोरी खरं सांग, काचेमुळं पडलीस का. मी म्हटलं नाही मामा, मीच वळायची घाई केली."

"आणि खरं काय?"

"मला माहीत नाही आई. खरंच नाही माहीत."

म्हणजे मी दुकानात उभी राहून जे ओरडले ते तू ऐकलंस, मनाला लावून घेतलंस, तपासलंस, आणि मी बरोबर होते हे एकट्याने सोसलंस. मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? तू म्हणत होतास तेच. मी सांगत नव्हते का, असं म्हटलं असतं, आणि नंतर शिरा केला असता. तू शिऱ्यापर्यंत थांबायला हवं होतंस. भाऊबीजेला तू माझे केस बघितलेस ते त्या नव्या डोळ्याने. कित्येक वर्षांनी तुला तुझी बहीण जशी आहे तशी दिसली, आणि मी तुला काय हवंय याचा अंदाज बांधत बसले होते. मला तुझी फार आठवण येते आहे. आणि रागही येतो आहे. दोन्ही एकदम येतं.

"दुसऱ्या डोळ्याचं थंडीत करनार हुते," शोभा म्हणाली. "मग केतकीकडं जायचं ठरलं हुतं. म्हनायचे, दोन्ही डोळ्यांनी बर्फ बघायचा, एकानं न्हाय." मग ती खाली गेली, चहाचं बघते म्हणून.

मी आणि केतकी कपडा गोळा करायला लागलो. केतकीने पिशवीतून जुनी काच काढली, पडली होती तेव्हाची. तिने ती फेकली नव्हती. "बघ ना, केवढा फरक आहे," ती म्हणाली आणि तिने माझ्या एका हातात ती दिली, दुसऱ्या हातात तिच्याही आधीची, ओरखड्यांची, जी खरोखरच फिकट पिवळी होती. सूर्य आता वर आला होता. मी दोन्ही काचा उजेडात धरल्या. खूप वेळ धरल्या.

"दोन्ही सारख्याच तर आहेत की," मी म्हटलं. "मधाची कुठली यातली?"

केतकीने माझ्या हातातल्या काचा काढून घेतल्या, आणि मग माझाच हात हातात घेऊन उभी राहिली. गेल्या वर्षी खिडकीशी धरून मीच ती काच पास केली होती हे तिला आठवत होतं की नाही, माहीत नाही. मला आठवलं. तुलाही आठवत असणार. भर दुकानात मी तुझ्या डोळ्यांबद्दल ओरडत होते तेव्हा तू एकदा विचारू शकला असतास, अक्का, तूबी बघितली हुतीस की. विचारलं नाहीस. आपले डोळे एकाच घरचे, हे तुला माझ्याआधी कळलं असणार.

केतकी तुझी गुलाबी काच घेऊन जाणार आहे. मी तिला आता अडवत नाही. बॅगेत मी हात घालून बघितलं तेवढंच, ती नीट गुंडाळली आहे ना.

स्टुडिओवाल्याला मी परत फोन केलेला नाही. त्या सिस्टरकडेही गेलेले नाही, जाईन. आज सकाळी एकटीनेच जाऊन डोळे तपासून आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आधी उजव्याचं करू म्हणाले. केतकी निघाली की पुढच्या आठवड्यात. पट्टी सुटली की पहिल्यांदा इथे येऊन तुझ्या फोटोतला शर्ट बघणार आहे. तोवर मोहोळला कुणाला काही कळू द्यायचं नाही असं मी शोभाला बजावून ठेवलंय. जावेने विचारलं, दूधवाल्याने विचारलं, तर सांगायचं, अक्काचे डोळे आलेत.